दीड लाख कुठं गेले?

छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीवर इलेक्ट्रिक कारचा विषय निघाला की सगळ्यात आधी दीड लाखाचा आकडा येतो. "सरकार दीड लाख देतंय म्हणे," असं सुपारी हनुमानासमोर उभा असलेला माणूस सांगतो आणि पैठण गेटकडं जाताना कपड्याच्या दुकानात तेच वाक्य पुन्हा कानावर पडतं. मी याच भागात आयकराची विवरणपत्रं भरून देतो. जून-जुलै आला की लोक फाईल घेऊन समोर बसतात आणि विचारतात, "वकीलसाहेब, गाडी घेतली, आता आमचे दीड लाख कधी येणार?" ते येणार नाहीत, हे सांगायचं काम माझ्याकडं आलं आहे. ते करताना वाईट वाटतं, कारण विचारणाऱ्याची त्यात काडीचीही चूक नसते.

हा घोळ दोन सरकारांनी मिळून घातला आहे. केंद्रानं २०१९ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात ८०ईईबी हे कलम घातलं. इलेक्ट्रिक वाहनासाठी कर्ज घेतलं तर त्याच्या व्याजापोटी वर्षाला दीड लाखापर्यंतची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते, असं ते कलम. पुढं जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपलं इलेक्ट्रिक वाहन धोरण आणलं. त्यात बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागं ५,००० रुपये अनुदान होतं, जास्तीत जास्त दीड लाख, तेही पहिल्या १०,००० कारना. तेव्हाच्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती. गुणाकार १ लाख ५१ हजारांवर जायचा, म्हणजे दीड लाख पुरते पदरात. लवकर घेणाऱ्याला आणखी लाखापर्यंत मिळणार होते. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२१ होती, ती वाढवून ३१ मार्च २०२२ केली.

आकडा एकच, पण एक उत्पन्नातून वजा होतो आणि दुसरा गाडीच्या किमतीतून. एक आयकर खात्याकडं मागायचा, दुसरा राज्याच्या तिजोरीतून यायचा. एकाला कर्ज लागतं, दुसऱ्याला लागत नाही. गाडीच्या माहितीपत्रकावर मात्र दोन्ही एकाच ओळीत छापलेले मी पाहिले आहेत, आणि खाली तारीख नाही. त्यात कुणीतरी 'फेम'चंही नाव जोडतो. केंद्राच्या फेम-२ योजनेत चारचाकीला अनुदान होतं ते भाड्याच्या, व्यावसायिक वापराच्या गाड्यांना. घरी वापरायच्या कारला त्यातला रुपयाही नव्हता. १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह ही योजना आली, तिच्यातही खासगी कार नाही. तरीही लोक 'फेमचे पैसे' विचारत येतात, कारण त्यांना तसं सांगितलेलं असतं.

८०ईईबीवर मी जरा जास्त बोलणार आहे. सगळ्यात जास्त मनस्ताप मी या कलमापायी पाहिला आहे.

औरंगपुऱ्यातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडं येतात. हस्ताक्षर मोत्यासारखं, कागदांची फाईल तारखेनुसार लावलेली. त्यांनी २०२२ मध्ये इलेक्ट्रिक कार घेतली. कर्ज घेतलं ते वर्षानुवर्षं सभासद असलेल्या पतसंस्थेकडून, कारण तिथं माणसं ओळखीची होती आणि पेन्शनवर कर्ज देताना कुणी त्यांना चार चकरा मारायला लावल्या नाहीत. व्याजाचा दाखला शिक्क्यानिशी आणला होता. मी कलम काढलं. कर्ज बँकेचं हवं, किंवा कलमात बसणाऱ्या बिगरबँक वित्त कंपनीचं. पतसंस्था त्यात बसत नाही. सर थोडा वेळ दाखल्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे कर्ज खरं, व्याज खरं, गाडी खरी. फक्त देणारा चुकला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मराठवाड्यात किती घरांचे व्यवहार पतसंस्थेतून होतात, हे कलम लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. मध्यमवर्गाला इलेक्ट्रिक गाडीकडं वळवायचं असेल तर तो वर्ग कर्ज कुठून काढतो, हे आधी बघायला नको का?

बरं, कर्ज बँकेचं असतं तरी काय हाती लागलं असतं? १२ लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं मुदत धरा. पहिल्या वर्षी व्याज साधारण लाखभर होतं. पुरते दीड लाख वजा करायला व्याजही दीड लाख व्हावं लागतं, म्हणजे कर्ज सतरा-अठरा लाखांच्या घरात हवं. लाखभर व्याज वजा केल्यावर तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह ३१,२०० रुपये कर वाचतो. वीस टक्केवाल्याचा २०,८०० वाचतो. जुन्या करपद्धतीत ज्याचं करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे, त्याचा कर सवलतीमुळं मुळातच शून्य असतो, म्हणून त्याला काहीच नाही. मिळकत जितकी जास्त आणि कर्ज जितकं मोठं, तितकी मदत जास्त. हा हिशेब समोरच्याला मांडून दाखवला की तो गप्प होतो. ती शांतता मला आवडत नाही.

दुसरी मेख तारखेची. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं पाहिजे. पुढच्या अर्थसंकल्पांत ही मुदत वाढवली नाही. आज नवी गाडी घेणाऱ्याला हे कलम लागू नाही. तरीही कर वाचवण्याचे उपाय सांगणाऱ्या कितीतरी याद्यांमध्ये ते अजून दिमाखात आहे, आणि त्या याद्या वाचून लोक कर्ज काढतात. ज्याला फेडायची ताकद आहे, रोख घ्यायची ऐपत आहे, असाही एक कापड व्यापारी केवळ 'व्याज माफ होतं' म्हणून कर्ज काढून आला होता. नऊ टक्के व्याज तो आता नाहक भरतो आहे.

तिसरी मेख करपद्धतीची. ही वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी तर ती निवडावी लागते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. बारा लाख पगाराचा माणूस घ्या. जुन्या पद्धतीत राहून त्यानं प्रमाणित वजावट, ८०सी कलमातल्या बचतीचे दीड लाख आणि गाडीच्या व्याजाचे लाख असं सगळं वजा केलं, तरी ९६,२०० रुपये कर भरावा लागतो. नव्या पद्धतीत शून्य. शहाणा माणूस नवी पद्धतच निवडणार. मग २०२२ मध्ये जिच्याकडं बघून त्यानं कर्ज काढलं ती वजावट अजून कायद्यात आहे, त्याच्या कर्जालाही लागू आहे, पण तिचा त्याला काही उपयोग नाही. नवी पद्धत चांगली की वाईट हा माझा मुद्दा नाही. सात वर्षांच्या कर्जासाठी भुलवणारी सवलत द्यायची आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिच्याखालची जमीन काढून घ्यायची, यावर माझा आक्षेप आहे. घरातला माणूस हप्ता सात वर्षांचा बांधून घेतो. सरकारनंही शब्द सात वर्षांचा द्यायला हवा होता.

या शहराला नवं घ्यायची भीती नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली होती. २०२१-२२ मध्ये तीच एकी 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी'च्या नावानं इलेक्ट्रिक गाड्यांसाठी उभी राहिली आणि अडीचशेच्या घरात गाड्या एकदम नोंदवायचं ठरलं. मला त्या मोहिमेचा मर्सिडीजच्या बातमीपेक्षा कितीतरी जास्त अभिमान वाटतो. इथल्या ऑरिक औद्योगिक शहरात एथरनं दुचाकींचा कारखाना जाहीर केला, टोयोटा किर्लोस्करनंही राज्य सरकारशी करार केला. उद्या या गाड्या आपल्याच जिल्ह्यात तयार होतील. अशा शहरातल्या माणसाला स्वतःच्या गाडीवर नेमकी काय सूट मिळते हे कळायला वकील लागावा, ही गोष्ट मला खटकते.

आता दुकानदारांकडं येतो, कारण गुलमंडी म्हणजे शेवटी दुकानदार. त्यांच्यासाठी खरा फायदा घसाऱ्यात, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीपोटी मिळणाऱ्या वजावटीत आहे. १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियमांत साध्या मोटारीला १५ टक्के घसारा आहे, विजेवर चालणाऱ्या वाहनाला ४० टक्के. भागीदारी फर्मनं १५ लाखांची इलेक्ट्रिक कार धंद्यासाठी घेतली तर पहिल्या वर्षी सहा लाख खर्ची पडतात, पेट्रोलच्या गाडीचे सव्वादोन लाख. फर्मच्या तीस टक्के दरानं आणि उपकरासह पहिल्या वर्षीच्या करात १ लाख १७ हजारांचा फरक पडतो. पुढच्या वर्षांत हा फरक उलट फिरतो हे खरं, पण आज हातात राहिलेला पैसा धंद्यात फिरतो. ही सवलत बरी आहे आणि तिला अंतिम तारीख नाही. तिचं नाव मात्र माहितीपत्रकावर क्वचितच असतं.

आणि तिच्यातही खोच आहे. गाडी घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्मा. आपल्याकडं गाडी मुहूर्तावर येते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी गाडी वापरात आणली तर ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात, पुरता चाळीस टक्के घसारा. दिवाळी पाडवा २२ ऑक्टोबरला. दिवस १६१, घसारा वीस टक्के. २०२४ मध्ये दसराच १२ ऑक्टोबरला आला, म्हणजे त्या वर्षी दसऱ्याच्या गाडीलाही निम्माच. उलट २०२५ च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, गाडी घेऊन त्याच दिवशी वापरात आणणाऱ्याला दोन दिवसांसाठी वीस टक्के मिळाले. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तोरण बांधून, पेढे वाटून, गाडी दुकानासमोर उभी करून झाल्यावर मार्चमध्ये हे कळण्यात काय अर्थ? पाडव्याला गाडी घेतलेले एक शेठ मला म्हणाले, "साहेब, दिवाळीच्या आधी एक फोन करायचा होता ना." फोन त्यांनी मला करायचा की मी त्यांना, यावर आमचं एकमत झालं नाही, पण त्यांची तक्रार मला पटली.

त्याहून मोठा वर्ग लहान दुकानदारांचा. त्यातले बरेच ४४एडी खाली विवरणपत्र भरतात. उलाढालीवर आठ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा दाखवायचा आणि वह्यांच्या कटकटीतून सुटायचं. या माणसाला गाडीचा घसारा वेगळा मिळत नाही, कर्जाचं व्याजही धंद्याचा खर्च म्हणून वेगळं मिळत नाही. घसारा दिलेलाच आहे, असं कायदा मानून चालतो. म्हणजे चाळीस टक्क्यांनी त्याच्या गाडीची किंमत कागदावर उतरते आणि त्याच्या करात रुपयाचाही फरक पडत नाही.

गाडी विकताना आणखी एक गाठ. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीत जुन्या गाड्यांच्या विक्रीवर, इलेक्ट्रिकसकट, १८ टक्के दर ठरला. तो पूर्ण किमतीवर नाही, फरकावर आहे, आणि दोन खासगी माणसांच्या व्यवहारावर तो लागतच नाही. पण नोंदणीकृत व्यापाऱ्यानं गाडीवर घसारा घेतला असेल तर फरक मोजायचा तो विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांमधला. आता १५ लाखांची गाडी पुरता घसारा घेत दोन वर्षांनी वहीत ५ लाख ४० हजारांवर येते. ती आठ लाखांना विकली तर फरक २ लाख ६० हजार आणि त्यावर जीएसटी ४६,८०० रुपये. जितका भरभरून घसारा दिला तितका फरक फुगला. प्रत्यक्षात मालकाला गाडीत सात लाखांचा तोटा झालेला आहे, आणि तरी तो विक्रीवर कर भरतो आहे. आयकर खात्याचा नियम त्याच्या जागी बरोबर, जीएसटीचा त्याच्या जागी बरोबर, आणि मध्ये उभा असलेला माणूस हैराण. दोन्ही खाती एकाच अर्थमंत्रालयाची आहेत, हे विसरू नये.

नवी गाडी घेतानाही एक गाठ आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. पंधरा लाखांवर पंधरा हजार. ही रक्कम आपल्या नावावर जमा होते, विवरणपत्र भरलं की करातून वळती होते किंवा परत मिळते. पण बिलावर ती करांच्या रांगेत छापलेली असते, म्हणून लोक ती गेली असं धरून चालतात. ज्या आजींच्या नावावर मुलानं गाडी घेतली त्या विवरणपत्र भरतच नाहीत. त्यांचे पंधरा हजार सरकारकडं पडून राहतात. एकीकडं इलेक्ट्रिक गाडी घ्या म्हणून सूट द्यायची आणि दुसरीकडं त्याच गाडीवर आगाऊ रक्कम अडकवून ठेवायची, याची काय गरज होती? निदान इलेक्ट्रिक गाड्या तरी यातून वगळायच्या.

भाडेपट्ट्याचा, म्हणजे लीजचा प्रश्न घेऊन येतात ते वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांतले तरुण. कंपनी गाडी लीजवर घेते, भाडं पगारातून कर लागण्याआधी वळतं होतं, आणि गाडी वापरण्याचा लाभ म्हणून ठरावीक रक्कम उत्पन्नात धरली जाते. गाडी कंपनीच्या कामाला आणि घरी, दोन्हीकडं वापरायची आणि खर्च कंपनीचा असेल, तर २०२५-२६ पर्यंत १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला १,८०० रुपये, त्याहून मोठ्याला २,४००, चालक असेल तर वर ९०० धरले जायचे. महिना तीस हजार भाडं असेल तर वर्षाला ३ लाख ६० हजार करातून बाहेर जायचे आणि आत यायचे फक्त २१,६००. तीस टक्केवाल्याची वर्षाला लाखाहून जास्त बचत व्हायची. नव्या पद्धतीतही हे चालायचं. औरंगपुऱ्यातल्या सरांना शून्य आणि या तरुणाला लाख. गाडी दोघांचीही इलेक्ट्रिकच, धूर दोघांचाही नाही.

शिवाय या नियमात इलेक्ट्रिक गाडी कुठं बसायची? तिला इंजिनच नाही, लिटर कुठून मोजणार? हा नियम लिहिला गेला तेव्हा अशा गाड्या रस्त्यावर फारशा नव्हत्या, हे मान्य. पण निदान २०१९ पासून सरकार या गाड्यांवर धोरणं आखतं आहे, आणि तेवढ्या काळात एक ओळ जोडता आली असती. परिणाम असा, की एका कंपनीतला पगार विभाग १,८०० धरायचा, शेजारच्या कंपनीतला सावधपणे २,४०० धरायचा. फरक वर्षाला ७,२०० रुपयांच्या उत्पन्नाचा, कर म्हणाल तर सव्वादोन हजारांचा. रक्कम लहान आहे. मला टोचतं ते वेगळंच. एकाच घरातले दोन भाऊ, एकसारखी गाडी, एकसारखा पगार, आणि फॉर्म १६ वर वेगवेगळा आकडा. त्यांना मी काय सांगू? आणि नोकरी सोडायची वेळ आली तर लीज मोडताना उरलेली रक्कम कोण भरणार, हे करारात बारीक अक्षरात असतं. ते आधी वाचा, एवढं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

राज्याच्या नव्या धोरणाकडून मला आशा होती, अजूनही आहे. २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळानं ते मंजूर केलं, २३ मे रोजी शासन निर्णय निघाला, मुदत ३१ मार्च २०३०. ठरावीक संख्येच्या खासगी कारना मूळ किमतीच्या दहा टक्के अनुदान, आणि समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतू यांवर पूर्ण टोलमाफी. आमच्या शहराला यातली समृद्धी सगळ्यात जवळची. सावंगीला किंवा माळीवाड्याला चढलं की नागपूर असो, मुंबई असो, रस्ता सरळ. १ एप्रिल २०२५ पासूनचा मोटारीचा टोल किलोमीटरमागं २ रुपये ६ पैसे, सगळ्या ७०१ किलोमीटरला १,४४५ रुपये. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला ही माफी मोठी आहे. निर्णय मे महिन्यात निघाला, अटल सेतूवर अंमल ऑगस्टमध्ये सुरू झाला, आणि तरीही टोल कापला जात असल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना आठ दिवसांत अंमलबजावणी करा आणि घेतलेला टोल परत करा, असे निर्देश द्यावे लागले. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेली गाडी दुरून ओळखू येते. कॅमेऱ्याला ती ओळखता येत नसेल, तर माफी जाहीर करण्याआधी कॅमेरा दुरुस्त करायचा. कापलेले पैसे परत मागायला नागरिकानं फास्टॅगचा उतारा काढायचा, तारखा लावायच्या, अर्ज करायचा. दीडशे-दोनशे रुपयांसाठी किती जण करतील?

मार्च २०२५ चीही आठवण करून द्यायला हवी. १० मार्चला अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित झाला आणि महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागं घेत असल्याचं सभागृहात सांगितलं. मागं घेतला हे चांगलंच झालं. पण मधल्या दिवसांत लोकांनी नोंदणी करायची की थांबायचं हे मला विचारलं, आणि मी कुणालाच ठाम उत्तर देऊ शकलो नाही.

या सगळ्यात दोनच सवलती अशा आहेत, ज्यांच्याबद्दल माझ्याकडं कुणी भांडायला येत नाही. एक, जीएसटी. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवर बाराऐवजी पाच टक्के झाला. दुसरी, राज्याची मोटार वाहन करातून सूट. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीत बारा टक्के कर पडतो. पंधरा लाखांवर तो १ लाख ८० हजार होतो, कंपनीच्या नावावर तर वीस टक्क्यांनी तीन लाख. इलेक्ट्रिक गाडीला तो माफ. कर्ज बँकेचं की पतसंस्थेचं, पद्धत जुनी की नवी, मिळकत पाच लाख की पन्नास, कुणी विचारत नाही. बिलातच रक्कम कमी. निवृत्त सरांना खऱ्या अर्थानं दीड लाख मिळाले ते इथं, आणि हे त्यांना माझ्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. मी त्यांना त्यांचंच बिल वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सूट द्यायची तर किमतीत द्या. मागून घ्यावी लागणारी सूट ज्याच्याकडं सल्लागार आहे त्याच्याच वाट्याला जाते, आणि मी स्वतः सल्लागार असून हे सांगतो आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटीही अठरा टक्क्यांवर आला, म्हणजे पाच टक्क्यांची इलेक्ट्रिक गाडी आणि लहान पेट्रोल गाडी यांच्यातलं अंतर कमी झालं. अशा वेळी गिऱ्हाइकाला सगळं नीट मांडून दाखवलं नाही तर तो जुन्याच गाडीकडं वळेल, आणि मला ते नको आहे. गुलमंडीच्या गर्दीत दिवसभर उभं राहून धूर खाणाऱ्या प्रत्येकालाच ते नको असणार.

विक्रेत्यानं प्रत्येक बिलासोबत एक पान द्यावं, अशी सक्ती परिवहन खात्यानं करावी. त्यावर माफ झालेला मोटार वाहन कर रुपयांत लिहावा, राज्याचं अनुदान मिळालं की नाही ते लिहावं, कापलेला टीसीएस परत मिळतो हे ठळक अक्षरात छापावं, ८०ईईबी नव्या कर्जाला लागू नाही हेही छापावं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. हे पान लवकर निघालं तर पुढचा घोळ टळेल.

ते निघेपर्यंत २०१९ ते २०२३ मधल्या खरेदीदारांनी घरी एक कागद शोधावा, बँकेचं कर्ज मंजुरीपत्र. गाडी नंतर आली असली तरी चालेल, मंजुरीची तारीख ३१ मार्च २०२३ किंवा त्याआधीची हवी. तशी असेल, गाडी स्वतःच्या नावावर असेल आणि जुन्या पद्धतीतच तुमचा कर कमी बसत असेल, तर हप्ते संपेपर्यंत दरवर्षी व्याजाची वजावट मिळते. व्याजाचा दाखला बँकेकडून एप्रिलमध्येच मागून घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बँकेतही गर्दी असते आणि माझ्याकडंही.